प्रवाळटाकीच्या पाण्याचे तापमान आपल्या हवेत कसे राखावे

मे महिन्यात नागपूरच्या घरी माठातले पाणी छान गार होते, आणि तोच माठ मुंबईत आणून ठेवला तर पाणी फारसे गार होत नाही. नागपूरची हवा मुंबईपेक्षा आठ-दहा अंशांनी जास्त तापलेली असूनही असे होते, कारण माठ हवेच्या उष्णतेवर चालत नाही, तो हवेच्या कोरडेपणावर चालतो. घरात समुद्री प्रवाळांची टाकी ठेवणाऱ्याने पंखा, चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) किंवा हीटर यांपैकी काहीही विकत घेण्याआधी ही गोष्ट लक्षात घ्यावी. परदेशी हौशी मंडळींचा अर्धा सल्ला हीटरभोवती फिरतो. आपल्याकडे वर्षातले आठ-नऊ महिने प्रश्न पाणी थंड कसे ठेवावे हाच असतो, आणि त्याचे उत्तर पुण्यात एक आणि ठाण्यात दुसरे निघते.

किती तापमान हवे, आणि का

पाणी २५ ते २७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे आणि चोवीस तासांतला चढउतार एका अंशाच्या आत राहावा, हे उद्दिष्ट पुरेसे आहे. एखाद्या दिवशी काटा २८ ला टेकला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण रोज सकाळी २५ आणि रोज दुपारी २९ असा झोका चालू असेल, तर सरासरी २७ येते म्हणून समाधान मानणे ही फसवणूक ठरते. २७.५ वर स्थिर असलेली टाकी त्यापेक्षा बरी.

प्रवाळाच्या पेशींत झूझॅन्थेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रवाळाच्या अन्नाचा मोठा भाग त्याच्या प्रकाशसंश्लेषणातून येतो. पाणी तापले की या शैवालाची प्रकाश पचवण्याची यंत्रणा बिघडते, त्यातून घातक ऑक्सिजन संयुगे तयार होतात आणि प्रवाळ आपल्या या भाडेकरूला बाहेर काढतो. रंग उडतो आणि खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. समुद्रात नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा साधारण एक अंश जास्त तापमान काही आठवडे टिकले, तरी हे विरंजन सुरू होते. लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींनी १९९८ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये ते सोसले आहे. उष्णता आणि तीव्र प्रकाश यांची जोडगोळीच जास्त मारक असते, त्यामुळे पाणी तापल्यावर दिवे मंद करणे हा उपाय थंडाव्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

माशांचे दुखणे वेगळे असते. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, तर ३० अंशांना सुमारे ६.२. हा फरक लहान वाटतो, पण त्याच वेळी माशांची आणि जिवाणूंची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते. पहाटे, दिवे लागण्यापूर्वी, मासे पृष्ठभागाजवळ येऊन भराभर कल्ले हलवताना दिसले, तर तापमापक न पाहताही गडबड ओळखावी.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. कठीण प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, तेव्हा मालवणच्या समुद्रातून एखादा तुकडा ‘आठवण’ म्हणून उचलून आणण्याचा विचारही करू नये. पुढील विवेचन लेदर, मशरूम, झोअँथिड अशा मृदू प्रकारांची टाकी डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

आधी मोजणी

पहिले काम म्हणजे तापमापकावर विश्वास न ठेवणे. काचेवर चिकटवायची रंगीत पट्टी काचेचे तापमान सांगते आणि स्वस्त डिजिटल प्रोब (पाण्यात बुडवायचे मोजणीचे टोक) एक-दीड अंशाने सहज चुकतो. एका पेल्यात बर्फाचा चुरा आणि थोडे गोडे पाणी एकत्र करून पाच मिनिटे ढवळावे आणि त्यात प्रोब बुडवावा; शून्य दिसायला हवे. दुसरी खूण घरातल्याच ताप मोजण्याच्या डिजिटल थर्मामीटरने मिळते: ३५-३६ अंशांचे कोमट पाणी घेऊन दोन्ही उपकरणे शेजारी शेजारी धरावीत. दोन्ही ठिकाणी येणारा फरक कागदावर लिहून टाकीच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावा. टाकीला कायम दोन तापमापक असावेत, एक मुख्य टाकीत आणि एक संपमध्ये (खालच्या कपाटातल्या गाळणीच्या जोडटाकीत), म्हणजे त्यांच्यात मतभेद झाला की तपासणी करण्याची आठवण राहते.

त्यानंतर आठवडाभर, काहीही न बदलता, सकाळी सहा, दुपारी तीन आणि रात्री दहा वाजता पाण्याचे आणि खोलीचे तापमान लिहून ठेवावे. त्या आठवड्यात एक रविवार यायला हवा, कारण घर माणसांनी भरलेले आणि स्वयंपाकघर चालू असतानाचे आकडे वेगळे येतात. हा कंटाळवाणा आठवडा बहुतेक जण टाळतात आणि मग गरज नसलेले यंत्र घेऊन बसतात.

उष्णतेचा जमाखर्च

समुद्राच्या एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे १.१४ वॅट-तास ऊर्जा लागते. समजा, दगड आणि वाळू वजा जाता टाकी आणि संप मिळून २०० लिटर पाणी आहे. म्हणजे एका अंशाला साधारण २३० वॅट-तास. आता पाण्यात बुडालेली यंत्रे मोजावीत. रिटर्न पंप (संपमधले पाणी वर टाकीत चढवणारा) ३५ वॅट, वेव्हमेकर (टाकीत लाटा उठवणारे) मिळून २० आणि स्किमरचा (फेसातून घाण वेगळी करणाऱ्या यंत्राचा) पंप १५, असे ७० वॅट धरले तर चोवीस तासांत १,६८० वॅट-तास होतात. बुडालेल्या पंपाची जवळजवळ सगळी वीज अखेर पाण्यातच उष्णता होऊन उतरते. वर १२० वॅटचा एलईडी दिवा आठ तास चालत असेल, तर त्याच्या ९६० वॅट-तासांपैकी सुमारे निम्मी ऊर्जा प्रकाशरूपाने पाण्यात येऊन मुरते, उरलेली दिव्याच्या पाठीवरून खोलीत जाते. एकूण जमा सुमारे २,१६० वॅट-तास. टाकीतून उष्णता बाहेर जाण्याची वाटच नसती, तर हे पाणी रोज नऊ अंशांनी तापत गेले असते.

खर्चाच्या बाजूला दोनच ठळक रकमा असतात: काचेतून खोलीत जाणारी उष्णता आणि बाष्पीभवन. खोली पाण्यापेक्षा गरम असेल तर पहिली रक्कम उलटून जमेच्या बाजूला येते. तेव्हा भरवसा बाष्पीभवनाचाच उरतो, आणि तो मोठा आहे: एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ६७५ वॅट-तास उष्णता निघून जाते. वरची २,१६० ची जमा फेडायला रोज सव्वातीन लिटर पाणी उडावे लागते.

हा हिशेब मांडला की पहिला उपाय आपोआप दिसतो. ३५ वॅटचा पंप काढून तेवढेच पाणी चढवणारा २० वॅटचा डीसी पंप बसवला, तर दिवसाला ३६० वॅट-तास, म्हणजे या टाकीत दीड अंशाहून थोडी जास्तच उष्णता मुळातच येत नाही. कित्येक टाक्यांमध्ये गरजेपेक्षा दुप्पट ताकदीचा पंप व्हॉल्व्ह आवळून चालवलेला मी पाहिला आहे. तो वीजही खातो आणि पाणीही तापवतो.

जमा कमी करण्याचे बाकीचे मार्ग फुकटचे आहेत. टाकी पश्चिमेच्या खिडकीसमोर किंवा स्वयंपाकघराच्या सामाईक भिंतीला लागून नसावी. वरची काचेची झाकणे काढून मासे उडी मारू नयेत म्हणून जाळी बसवावी, कारण काच बाष्पीभवन अडवते. संपच्या कपाटाची मागची फळी सुताराला सांगून काढून घ्यावी. दिव्यांची वेळ दुपारी बारा ते आठ अशी असेल तर ती चार ते बारा करावी. प्रवाळाला घड्याळ कळत नाही, आणि दिव्याची उष्णता दुपारच्या उन्हावर न चढता रात्रीच्या गारव्यात जिरते. शिवाय कामावरून परतणाऱ्या माणसाला टाकी बघायलाही मिळते.

पंखा: पुण्यात खरा, मुंबईत अर्धा

पृष्ठभागावर तिरका वारा टाकणारे एक-दोन लहान पंखे हा सर्वांत स्वस्त थंडावा आहे. वारा पाण्यावरून सरकत जायला हवा. सरळ खाली मारलेला वारा नुसते थेंब उडवतो आणि दिव्यावर मीठ चढवतो. संपमध्ये पाण्याचा पृष्ठभाग मोकळा असेल तर तिथेही पंखा लावता येतो, आवाजही कपाटात राहतो.

परंतु पंख्याची मर्यादा विकत घेण्यापूर्वी घरीच मोजता येते. साध्या तापमापकाच्या टोकाला सुती फडक्याचा ओला तुकडा गुंडाळावा, त्यावर पाच-दहा मिनिटे पंख्याचा वारा घ्यावा आणि आकडा खाली येऊन स्थिरावला की टिपून ठेवावा. शाळेच्या भूगोलातला ओल्या फुग्याचा तापमापक तो हाच. त्या खोलीत कितीही पंखे लावले तरी पाणी या आकड्याच्या खाली जाणार नाही, आणि पंप-दिव्यांची उष्णता आत येत असल्यामुळे प्रत्यक्षात ते एक-दोन अंश वरच थांबेल. पुण्यातील एप्रिलच्या दुपारी हवा ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर हा आकडा २१-२२ च्या आसपास येतो. म्हणजे पंख्याने २६ गाठणे अवघड नाही, उलट रात्री पंखा बंद करण्याची सोय ठेवावी लागते. नागपुरात ४३ अंश आणि तेवढ्याच आर्द्रतेला तो २५ च्या जवळ जातो, म्हणजे काम काठावर होते. मुंबईत मे महिन्यात ३३ अंश आणि ६८ टक्के आर्द्रता असताना तो २८ असतो. तिथे पंखा ३१ चे २९ करून देईल; २६ तो देऊ शकत नाही, मग कितीही महाग पंखा आणा.

जुलै महिना याहून फसवा. हवा २९-३० अंशांपर्यंत उतरते, माणसाला बरे वाटते, पण आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर गेल्याने बाष्पीभवन मंदावते आणि भर पावसातही टाकीला पंख्याचा थंडावा अपुरा पडतो. मुंबई-कोकणातील टाकीसाठी मे, जुलै आणि ऑक्टोबर या तिन्ही महिन्यांत ओल्या फडक्याची चाचणी वेगवेगळी घ्यावी. बंद खोलीत उडालेली वाफ खोलीतच साचून आर्द्रता वाढवते, म्हणून एक खिडकी किंवा एक्झॉस्ट पंखा हवाच. नाहीतर टाकी तापते आणि भिंतीला बुरशीही धरते.

पंख्याबरोबर एक नवी जबाबदारी येते. उडते ते गोडे पाणी. मीठ मागे राहते. २०० लिटरमधून तीन लिटर उडाले की क्षारता (हजार भागांत मिठाचे भाग) ३५ वरून ३५.५ वर जाते, आणि दोन दिवस गावाला गेलात तर ३६ ओलांडते. भर नेहमी शून्य टीडीएसच्या (विरघळलेले क्षार नसलेल्या) आरओ-डीआय यंत्रातून गाळलेल्या पाण्याचीच घालावी, मिठाच्या पाण्याची कधीही नाही, आणि शक्य असेल तर पाण्याची पातळी पाहून आपोआप भर घालणारे ऑटो टॉप-ऑफ बसवावे. त्याची भरणटाकी किमान चार दिवस पुरेल एवढी असावी; रोज साडेतीन लिटर धरले तर १४-१५ लिटर.

चिलर निवडताना आणि बसवताना

फडक्याची चाचणी २५ च्या वर आली, तर दोनच पर्याय उरतात: खोलीला एसी किंवा टाकीला चिलर. एसी रोज बारा-चौदा तास आधीच चालत असेल, तर चिलरआधी एसीचे तापमान आणि वेळ जुळवून पाहावी. एसी हवाही कोरडी करतो, त्यामुळे त्याच खोलीत पंखा पुन्हा कामाचा होतो. फक्त टाकीसाठी चोवीस तास एसी लावणे मात्र क्वचितच परवडते.

चिलर अश्वशक्तीवर घेऊ नये. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात ‘कूलिंग कपॅसिटी’ वॅटमध्ये दिलेली असते ती पाहावी आणि आपल्या जमाखर्चाशी ताडावी. वरच्याच टाकीत दुपारी पंपांचे ७० वॅट, दिव्यांचे ६० वॅट आणि ३३ अंशांच्या खोलीतून काचेवाटे येणारे साधारण १०० वॅट मिळून २३० वॅट सतत आत येत असतात. चिलरने साधारण निम्मा वेळच चालावे असे धरून ४५० ते ५०० वॅट क्षमतेचे यंत्र निवडावे. लहान यंत्र स्वस्त पडते, पण ते मे महिन्यात थांबतच नाही आणि दोन उन्हाळ्यांत दमते. पेल्टियर प्रकारचे (कॉम्प्रेसरशिवाय, विजेच्या चकतीने थंड करणारे) छोटे कूलर वीस-तीस लिटरच्या टाकीपलीकडे विचारात घेऊ नयेत.

चिलर उष्णता नाहीशी करत नाही, ती पाण्यातून उपसून खोलीत टाकतो, आणि वर स्वतःच्या कॉम्प्रेसरची भर घालतो. हे मला पुस्तकी ज्ञान म्हणून ठाऊक होते, तरीही पहिला चिलर मी दिसायला नको म्हणून संपच्या बंद कपाटात बसवला. दुसऱ्या दिवशी कपाटातली हवा ४० च्या वर होती, चिलर अखंड धडधडत होता आणि पाणी २९ वरून हलत नव्हते. म्हणजे एका हाताने काढलेली उष्णता मी दुसऱ्या हाताने त्याच संपला परत देत होतो. चिलरच्या चारही बाजूंनी किमान एक फूट मोकळी हवा असावी आणि जमल्यास तो बाल्कनीत किंवा शेजारच्या खोलीत, पावसापासून आडोशाला ठेवावा. नळी लांबली तर तिच्यावर फोमचे वेष्टण चढवावे आणि पंपाचा प्रवाह चिलरने सांगितलेल्या मर्यादेत आहे ना, ते बादली आणि घड्याळ घेऊन मोजावे. कंडेन्सरच्या जाळीवरची धूळ महिन्यातून एकदा ब्रशने काढावी. ज्या घरात मांजर आहे तिथे पंधरा दिवसांनी.

हीटर: थोडा, पण दोन

पुणे, नाशिक, नागपूर येथे डिसेंबर-जानेवारीत, आणि मुंबईत रात्रभर २२-२३ वर एसी चालणाऱ्या बेडरूममध्ये, हीटर लागतो. लिटरमागे अर्धा ते एक वॅट पुरतो. हीटर बंद पडला तर नुकसान हळूहळू होते आणि ते सुधारता येते. खरा धोका थर्मोस्टॅटचे टोक चिकटून तो चालूच राहण्याचा असतो. २०० लिटरमध्ये ३०० वॅटचा एकच हीटर असा अडकला तर पाणी तासाला सव्वा अंशाने चढते, आणि रात्री अकराला झोपलेल्या माणसाला सकाळी सहाला उरलेले काही पाहावत नाही. १०० वॅटचे दोन हीटर लावले आणि त्यातला एक अडकला, तर तीच चढण तासाला अर्ध्या अंशाच्याही खाली येते; हिवाळ्याच्या रात्री काचच तेवढी उष्णता बाहेर सोडू शकते.

दोन्ही हीटर बाहेरच्या तापमान-कंट्रोलरमधून चालवावेत आणि हीटरवरची तापमान ठरवणारी स्वतःची चकती कंट्रोलरपेक्षा एक अंश वर लावावी, म्हणजे कंट्रोलरचा रिले (वीज चालू-बंद करणारी कळ) चिकटला तरी चकती हीटरला थांबवते. पाणी बदलताना हीटर वीस मिनिटे आधी बंद करावा. पाण्याबाहेर तापलेली काच पुन्हा पाणी लागताच तडकते.

कंट्रोलरवर आकडे लावताना थंड आणि गरम यंत्रांमध्ये भांडण लागू देऊ नये. हीटर २५.२ ला चालू आणि २५.६ ला बंद, पंखा २६.३ ला चालू आणि २५.९ ला बंद. चिलर २७ ला चालू आणि २६.३ ला बंद, अशी उतरंड ठेवली तर आधी स्वस्त पंखा प्रयत्न करतो आणि तो हरला तरच चिलर उठतो. २४ च्या खाली आणि २८ च्या वर गजर वाजावा. प्रोब संपमध्ये वाहत्या पाण्यात, क्लिपने पक्का बांधावा. तो निसटून हवेत लोंबू लागला तर हिवाळ्यात कंट्रोलर खोलीचा गारवा मोजत बसतो आणि हीटर थांबवत नाही. सगळ्या यंत्रांची वीज ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून (विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचमधून) घ्यावी आणि प्रत्येक वायरीला प्लगच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळलेले पाणी सॉकेटपर्यंत न पोचता खाली ठिबकते.

पाणी बदलताना वीस लिटर नवे पाणी टाकीपेक्षा पाच अंशांनी थंड असेल, तर २०० लिटरमध्ये अर्ध्या अंशाचा फरक पडतो. तेवढा चालतो, पन्नास लिटर बदलायचे असल्यास मात्र तापमान आधी जुळवून घ्यावे.

पाणी तापलेच तर, आणि वीज गेली तर

आकडा ३० च्या वर दिसला की प्रथम दिवे बंद करावेत, मग वेव्हमेकरचे तोंड पृष्ठभागाकडे वळवून पाणी ढवळावे आणि त्यानंतरच थंडाव्याकडे वळावे. बर्फ थेट टाकू नये. नळाच्या पाण्याचा बर्फ असेल तर टाकीत क्लोरीन उतरते आणि क्षारताही घसरते. झाकण घट्ट असलेल्या एक लिटरच्या बाटल्यांत पाणी गोठवून त्या संपमध्ये सोडाव्यात. फ्रीझरमधून काढलेली अशी एक बाटली पूर्ण विरघळेपर्यंत २०० लिटर पाणी सुमारे अर्ध्या अंशाने उतरवते. एका वेळी दोन बाटल्या पुरेत, आणि उतार तासाला एका अंशाहून जास्त नसावा. घाबरून सहा बाटल्या एकदम टाकणाऱ्याच्या टाकीला उष्णतेच्या धक्क्यावर थंडीचा दुसरा धक्का बसतो. उन्हाळाभर फ्रीझरच्या एका कप्प्यात चार बाटल्या तयार असाव्यात, आणि त्या घरच्यांनी आंब्याच्या रसासाठी जागा करताना बाहेर काढू नयेत म्हणून त्यांवर ठळक चिठ्ठी लावावी.

वीज गेल्यावर तापमानाआधी ऑक्सिजन संपतो. म्हणून इन्व्हर्टरवर सर्वांत आधी एक वेव्हमेकर जोडावा, चिलर नव्हे. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप पन्नास-साठ तास तरी टिकेल इतक्या सेलसह कपाटात ठेवावा. वादळी पावसात कोकणात दोन-दोन दिवस वीज जाते, तेव्हा हिशेब तासांचा करून भागत नाही. अशा वेळी माशांना खाऊ घालू नये. वीज परत आली की संपची पातळी आणि क्षारता पाहून प्रथम रिटर्न पंप सुरू करावा, पाणी फिरू लागले की पंखे, आणि पाच मिनिटे थांबून सर्वांत शेवटी चिलर, कारण नुकताच थांबलेला कॉम्प्रेसर दाबाखाली लगेच सुरू केला तर तो अडतो किंवा जळतो.